देश पाहण्याचा कार्यक्रम

लोक मुलीसाठी मुलगा पाहतात. मी मुलगा पाहिला, मुलगा सर्वांना पसंत पडला, साक्षगंध म्हणजे साखरपुडा झाला, आणि त्यानंतर मला मुलीसाठी देश पाहत बसावं लागलं. याला माझं तोंड कारणीभूत आहे, असं आमच्या घरात आजही म्हटलं जातं. मी ते मान्य करत नाही. पण खोडूनही काढत नाही, कारण घरात मी एकटा आहे आणि म्हणणारे बरेच आहेत.

ब्याऐंशी सालची दिवाळी नुकतीच आटोपली होती. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या आमच्या वॉर्डात, आमच्याच अंगणात, वंदनाचं साक्षगंध झालं. मुलगा पांढुर्ण्याचा, मुकुंद ढोके, बँकेत नोकरीला. त्याचे वडील भाऊराव मिडल स्कूलचे हेडमास्तर. हेडमास्तर हा माणूस घरीही हेडमास्तरच असतो, हे मला त्या दिवशी समजायला हवं होतं. अंगठी झाली, पेढा झाला, चहा सुरू होता. चहाबरोबर भाऊराव म्हणाले, "लग्न आमच्या पांढुर्ण्यात होईन. एकुलता एक पोरगा आहे. गावाले दिसलं पाहिजे."

मी म्हटलं, "लग्न मुलीच्या दारात होते जी. जगाची रीत आहे."

"दारात करा ना, पण तुमच्या दारात माणसं मावतीन किती?" असं म्हणून त्यांनी आमच्या अंगणाकडे पाहिलं. अंगणात एक जांभाचं झाड, एक रांजण आणि आमची बकरी होती. बकरीनं त्यांच्याकडे पाहिलं. मला ते लागलं. बकरीचं पाहणं नव्हे, भाऊरावांचं.

"सौंसर काही लहान गाव नाही," मी म्हटलं.

"सौंसरात आहे काय?"

"अन् पांढुर्ण्यात काय आहे? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दगड खायचे असले तर येऊ आम्ही."

हे वाक्य मी बोलायला नको होतं. भाऊरावांचा एक चुलतभाऊ गोटमार, म्हणजे पांढुर्ण्याची ती दगडफेकीची जत्रा, नुसती पाहायला म्हणून जाम नदीवर गेला आणि डोक्याला सात टाके घालून परत आला, हे मला नंतर कळलं. भाऊरावांनी अर्धा चहा खाली ठेवला. वरपक्षानं अर्धा चहा खाली ठेवणं म्हणजे काय, हे मुलीच्या बापाला वेगळं सांगावं लागत नाही.

तेव्हा आमचे रघुनाथराव मधे पडले. रघुनाथराव आमच्या कचेरीतले हेडक्लार्क. ही कचेरी कोणती, ते मी सांगत नाही. माझं पेन्शन अजून चालू आहे. रघुनाथराव रोज दोन वर्तमानपत्रं वाचत आणि त्या दिवसांत दोन्हींत अलिप्त राष्ट्रांशिवाय काही नसे. ते शांतपणे म्हणाले, "हे पहा, दोन देशांचं जमत नसलं की बैठक तिसऱ्या देशात होते. त्याला तटस्थ भूमी म्हणतात."

त्यांना तटस्थ भूमी म्हणजे आमच्या जिल्ह्याचं ठिकाण छिंदवाडा म्हणायचं होतं. त्यांनी तसं पुढं शपथेवर सांगितलं. पण त्या क्षणी माझ्या अंगात काय आलं कोण जाणे. मी म्हटलं, "मग होऊ द्या तिसऱ्या देशात. बौद्ध राष्ट्रात करतो पोरीचं लग्न. मस देश आहेत आपले, एक का दोन."

भाऊराव उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "ठीक आहे. लग्न बुद्धजयंतीले. देश कोणता ते होळीपर्यंत कळवा. नाही कळवला, तर अंगठी वापस घेऊन जाईन. काटोलचं एक स्थळ अजूनही विचारून राहिलं आहे."

पाहुणे बसस्टँडकडे गेल्यावर माझी बायको इंदू कप गोळा करू लागली. एरवी ती कप इतक्या जोरात आपटत नाही. बोलली ती वंदना. बी.ए. झालेली माझी पोरगी, लहानपणापासून मोजकं बोलणारी. ती म्हणाली, "बाबा, मले मुकुंदच पाहिजे. देश तुम्ही कोणताही घ्या." एवढं बोलून ती आत गेली.

आता देश शोधायचा कसा? रघुनाथरावांना थोडी टोचणी लागलेली होती, म्हणून त्यांनी त्यांच्याकडचा जगाचा नकाशा आणून दिला. तो मी जमिनीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. एकोणीस वर्षं नोकरीत मी छिंदवाड्यापलीकडं गेलो नव्हतो. दक्षिणेला नागपूर, तेही दीक्षाभूमीवर, वर्षातून एकदा. आणि इथं जमिनीवर सगळं जग. सौंसर त्यात नव्हतंच. नागपूर एका मुंगीच्या डोक्याएवढं. मी इंदूला म्हटलं, "हे पाहा, हा जपान. एवढ्या पाण्यात आहे, अन् तिथंही बुद्ध पोचला." ती वाकून पाहत म्हणाली, "कोणी सांगितलं असन त्यांले? एवढ्या दूर कोण गेलं असन?" आम्ही दोघंही बराच वेळ नकाशाजवळ बसून राहिलो, आणि भाजी करपली.

देश पाच निघाले. नेपाळ, लंका, ब्रह्मदेश, जपान आणि थायलंड. थायलंडला आमचे तुळशीराम काका सयाम म्हणत. काका वॉर्डातले सर्वांत वडीलधारे, कापसाच्या जिनिंगमध्ये जन्म घालवलेले. छप्पन साली सौंसरहून पायी नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली होती, त्यामुळे धम्माच्या बाबतीत त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. ते म्हणाले, "पाचही देशाले विचार. कोणाले कमी लेखू नको."

रघुनाथरावांनी दिल्लीतल्या पाच वकिलातींना पाठवायचा इंग्रजी मजकूर तयार केला. विषय : कन्येचा विवाह आपल्या देशात करण्याबाबत. मी तो कचेरीच्या टाइपरायटरवर पाचदा टाइप केला. आणि इथं ती चूक झाली.

माझं काम आवक-जावकचं. कचेरीत येणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा, जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा. मधल्या काळात त्या कागदाचं काय होतं, हे वरचे लोक जाणोत. पण एकोणीस वर्षांत माझ्या हातून बिननंबरचा कागद लिफाफ्यात गेलेला नव्हता. एकदा मेहुण्याला लिहिलेल्या खुशालीच्या पत्रावरही नंबर पडला होता, आणि त्यानं 'आपल्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की, सर्व मजेत' असं उत्तर पाठवून माझी थट्टा केली होती. हाताला सवय असते, ती डोक्याला विचारत नाही. पाच पत्रांवर जावक क्रमांक चारशे सतरा ते चारशे एकवीस पडले. खाली 'आवश्यक कार्यवाहीसाठी' असं लिहिलं गेलं. गोल शिक्का मारल्याचं मला आठवत नाही. पण शिक्का होता, हे नंतर सर्वांनी पाहिलं.

म्हणजे माझ्या पोरीच्या लग्नाची चौकशी मध्य प्रदेश शासनानं पाच राष्ट्रांकडे केली होती. मला याची अजिबात कल्पना नव्हती. मी आपला रोज पोस्टमनची वाट पाहत होतो.

पहिलं उत्तर सयामचं आलं. आमचा पोस्टमन नत्थूजी एरवी पत्रं छपराच्या कवेलूत खोचून जाणारा माणूस. त्या दिवशी तो लिफाफा दोन्ही तळव्यांवर ठेवून कचेरीत आला. आत गुळगुळीत कागदाचं रंगीत पुस्तक होतं. मी ते घरी नेलं आणि उघडलं, तो आडवा पहुडलेला सोन्याचा बुद्ध. दीडशे फूट लांब, असं खाली छापलेलं. आमच्या विहारातली मूर्ती दीड फुटाची, आणि तिचं छत पत्र्याचं.

अर्ध्या तासात वॉर्ड जमला. तुळशीराम काका हातपाय धुऊन आले. त्यांनी चित्राला बोट लावलं नाही, नुसतं वरून हात फिरवला. म्हणाले, "दीडशे फूट. म्हणजे येथून तर पार विहिरीपर्यंत." मग दोघा-तिघांनी खरोखरच आमच्या दारापासून विहिरीपर्यंत पावलं टाकून पाहिलं, आणि ते अंतरही कमी पडलं. बायका पदर डोक्यावर घेऊन पाहत होत्या. आपल्या माणसाचं एवढं मोठं काही जगात आहे, आणि ते कोणी सोन्यानं मढवून ठेवलं आहे, हे डोळ्यांत मावत नव्हतं. मी त्या घटकेला वंदनाचं लग्न, भाऊराव, अंगठी सगळं विसरलो होतो, हे कबूल केलं पाहिजे.

पुढची पानं उलटली तेव्हा समुद्रकिनारा निघाला, आणि त्यावर पोहण्याच्या कपड्यांतल्या गोऱ्या बाया. इंदूनं डोक्यातली पिन काढून ती पानं एकमेकांना टाचून टाकली. तरीपण दुसऱ्या दिवसापासून वॉर्डातल्या तरुण मंडळींमध्ये सयामचा पक्ष फार मजबूत झाला.

ब्रह्मदेशानं कळवलं की, पाहुण्याला सात दिवसांच्या वर राहता येणार नाही. यावर तुळशीराम काका आमच्या व्याह्यांना आठवून म्हणाले, "सात दिवसांत तं आपले इवाई रुसून मानतही नाहीत." ब्रह्मदेश बाद झाला. नेपाळनं सांगितलं, परवाना नको, काही नको, खुशाल या. खरं तर इथंच माझी गोष्ट संपायला पाहिजे होती. मी आनंदानं बस पकडून पांढुर्ण्याला गेलो, तर भाऊराव म्हणाले, "नेपाळले तं कोणीही जाते. बिनापरवान्याचा देश तो काय परदेश होय? लोक म्हणतीन, गुणवंता सोमकुवर स्वस्तात सुटला." मुकुंद मागं उभा होता. तो मला बसपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "मामाजी, माझ्याकडून कोणताही देश चालते. छिंदवाडाही चालते." पोरगा चांगला होता. म्हणूनच मला जास्त त्रास होत होता.

जपानचं पत्र सर्वांत सुंदर होतं. कागद असा की, त्यावर शाई कशी बसली असेल याचा विचार करावा. त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारलं होतं की, येणारं शिष्टमंडळ किती सदस्यांचं आहे, आणि भेटीचा हेतू सांस्कृतिक आहे की व्यापारी. इंदू म्हणाली, "लग्न आहे म्हणा. दोन्ही आहे."

सदस्यांची संख्या हा मात्र खरा प्रश्न होता. सुरुवातीला आमच्याकडून नऊ माणसं जाणार होती. सयामचं पुस्तक आल्यावर ती चाळीस झाली. जपानचा कागद आल्यावर एकशे त्रेसष्ट. जे लोक माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नाला आले नव्हते, ते येऊन म्हणत, "गुणवंताभाऊ, आमचं नाव टाकलं ना?" इंदूनं लोणचं घालायला काढलं. शेजारच्या बायांनी तिला बजावलं की, तिकडं तुरीची डाळ मिळत नाही, तेव्हा एक पोतं न्यावंच लागेल. एका आडत्यानं मला बाजारात थांबवून विचारलं की, जपानी लोक संत्रं सोलून खातात की पिळून, म्हणजे त्याला धंद्याचा अंदाज येईल. मी म्हटलं, विचारून सांगतो. आणि मला शरम वाटते, पण मी ते खरंच टिपून घेतलं होतं.

गावात माझी मान केवढी तरी उंच झाली. सलूनमध्ये मला नंबर लावावा लागत नसे. एकोणीस वर्षं ज्यांनी मला 'अरे' म्हटलं, ते 'सोमकुवरजी' म्हणू लागले. मी घरी चालतानाही हात मागं बांधून चालू लागलो. इंदू म्हणाली, "होळी जवळ येऊन राहिली. हात सोडा अन् देश सांगा."

आणि फेब्रुवारीत तो कागद आला. नंबर देण्यासाठी तो माझ्याच टेबलावर आला, म्हणून सर्वांत आधी मीच वाचला. जपाननं सौजन्य म्हणून आमच्या पत्राची एक प्रत दिल्लीला पाठवली होती. दिल्लीनं भोपाळला विचारलं, भोपाळनं छिंदवाड्याला, आणि छिंदवाड्यानं आम्हाला : 'इस कार्यालय ने पाँच राष्ट्रों से सीधा पत्र-व्यवहार किस अधिकार से किया, स्पष्ट करें.'

मी त्या कागदाला आवक क्रमांक दिला. दुसरं काय करणार? मग तो घेऊन साहेबांपुढं उभा राहिलो. साहेब ग्वाल्हेरकडचे होते. त्यांनी तो कागद वाचला, मग पाचही पत्रांच्या प्रती मागवल्या, मग आलेली उत्तरं मागवली. जपानचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. शेवटी म्हणाले, "सोमकुवर, जापान ने आपको 'परम आदरणीय महोदय' लिखा है. मुझे आज तक छिंदवाड़ा ने भी नहीं लिखा." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. ते पत्र त्यांनी माझ्याकडं परत देताना सांभाळून दिलं.

पण नियम तो नियम. मी लेखी माफी मागितली. माझ्याकडून आवक-जावक काढून घेण्यात आलं आणि मला स्टेशनरीच्या कपाटावर बसवलं. एकोणीस वर्षं दोन्ही रजिस्टरं माझ्या अक्षरात होती. आता तिथं दुसऱ्याचा हात, आणि तोही सात हा आकडा एकासारखा काढणारा. लोकांना ही शिक्षा किरकोळ वाटली. मला जेवण गेलं नाही. परदेशांशी पत्रव्यवहार बंद, अशी वर तंबी. सयाम गेला, जपान गेला. सलूनमध्ये पुन्हा नंबर लागला. एकशे त्रेसष्ट माणसांना मी तोंड दाखवेनासा झालो, आणि ती माणसं मात्र रोज घरी येऊन लोणच्याची चौकशी करत.

राहिली लंका. लंकेचं उत्तर आलं नव्हतं. ते होळीच्या चार दिवस आधी आलं. नत्थूजीनं ते कचेरीत न आणता घरी आणून दिलं, कारण लिफाफ्यावर कचेरीचं नाव नव्हतं. माझं नाव होतं, सौंसर, बस. मी शब्दकोश घेऊन बसलो. दोन दिवस लागले. वाचून झाल्यावर मी ते पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवून दिलं, कारण त्यात मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. वंदनानं मला ठेवताना पाहिलं.

होळीच्या दिवशी सकाळच्या बसनं भाऊराव आले. मुकुंद बरोबर होता आणि त्याची मान खाली होती. तुळशीराम काका आधीच येऊन बसले होते. भाऊराव खाटेवर टेकले आणि म्हणाले, "बोला, इवाई. देश कोणता?"

मी म्हटलं, "देश नाही मिळाला."

"मग मी काय समजावं?"

मी काय सांगणार होतो? भाऊरावांनाही आता मागं सरकता येत नव्हतं. त्यांनी पांढुर्ण्यात चार लोकांत सांगून ठेवलेलं. हेडमास्तरांचा शब्द. त्यांचा हात कोटाच्या खिशाकडं गेला, आम्ही मुकुंदला घातलेली अंगठी आधी परत करून आपली मागण्यासाठी. इतक्यात वंदना आतून आली. साक्षगंध झालेली मुलगी सासऱ्यासमोर अशी येत नाही. तिच्या हातात तो लिफाफा होता. ती म्हणाली, "मामाजी, लंकेचं पत्र आलं आहे. बाबांनी दाखवलं नाही. तुम्हाले इंग्रजी चांगलं येते, तुम्ही वाचून सांगा. मग अंगठी मागा."

भाऊरावांनी चष्मा लावला. त्यांना मुलीचं धाडस आवडलं की इंग्रजीची स्तुती, सांगता येत नाही. ते वर्गात वाचतात तसे खणखणीत आवाजात मराठी करून वाचू लागले.

"प्रिय श्री. सोमकुवर यांस. आपलं पत्र क्रमांक चारशे अठरा दिल्लीहून कोलंबोला, तिथून संस्कृती खात्याला, तिथून आमच्या जिल्ह्याच्या कचेरीला आलं." इथं भाऊराव थांबले. "कचेरी असंच लिहिलं आहे. इंग्रजीत, पण कचेरी." मग पुढं वाचू लागले. "मी इथं मुख्य लिपिक आहे. माझं नाव गुणवर्धन. आवश्यक कार्यवाहीसाठी म्हणून ते माझ्या टेबलावर ठेवण्यात आलं. मी तीन आठवडे नियम पाहिले. परदेशी माणसानं मुलीचं लग्न इथं करावं असा नियम नाही, करू नये असाही नाही. अशा कागदाचं काय करतात, हे आपल्याला ठाऊक असेलच. तो खाली दाबून ठेवतात. पण मला ते करवलं नाही. म्हणून मी कचेरीतर्फे नव्हे, बाप म्हणून लिहितो आहे."

"मलाही एक मुलगी आहे. तिचं नाव कुसुम."

"कुसुम?" इंदू दारातून म्हणाली. "हे तं आपलंच नाव होय."

"आपण बुद्धाच्या देशात राहता," भाऊराव वाचत होते. "माझी आई उत्तरेकडं पाय करून कधी झोपत नाही, कारण तिकडं आपला देश आहे. आमच्याकडं माणूस जन्मभर पैसे साठवतो, एकदा तिकडची जमीन पाहता यावी म्हणून. त्या जमिनीवरून उठून आपण मुलीचं लग्न आमच्याकडं करू म्हणता, याचं कारण मला समजलं नाही. आपली काही अडचण असेल. मी विचारत नाही."

इथपर्यंत भाऊरावांचा आवाज खणखणीत होता. पुढच्या ओळीवर तो उतरला.

"कुसुमचं लग्न मागच्या वर्षी ठरलं होतं. आमच्याकडं सगळे बौद्धच आहेत. तरी लग्नाच्या वेळी घराणं विचारतात, जात विचारतात. मुलाकडच्यांनी विचारली, आणि साखर खाऊन झालेलं लग्न मोडून गेले. तेव्हापासून ती घराबाहेर फारशी पडत नाही. आपलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, बुद्धाच्या स्वतःच्या देशात तरी असं कोणी विचारत नसेल. मला तिला तो देश दाखवायचा आहे. आपल्या मुलीचं लग्न तिकडंच कुठं करणार असाल, तर आम्हाला यायला परवानगी द्यावी. आम्ही चार माणसं आहोत. जेवणाचं सोबत आणू."

भाऊरावांनी चष्मा काढला. तो पुसला, पुन्हा लावला, पण वाचायला काही उरलं नव्हतं. मी तुळशीराम काकांकडं पाहिलं. त्यांचे म्हातारे डोळे कुठं दूर लागले होते. ज्या पाच देशांपैकी कोणालाही कमी लेखू नको म्हणून त्यांनी मला बजावलं होतं, त्यातल्याच एका देशातून हे पत्र आलं होतं. ते म्हणाले, "तिथंही विचारतात म्हणा."

"हो जी," मी म्हटलं.

"अन् त्याले वाटते, इथं विचारत नाहीत."

मला भयंकर लाज वाटली. कशाची ते नेमकं सांगता येत नाही. साऱ्या देशाची लाज एका अंगणात उतरली तर एका क्लार्कानं ती कुठं ठेवायची? आणि भाऊराव, जे क्षणभरापूर्वी ठरलेलं लग्न मोडून अंगठी काढणार होते, ते आपल्या खिशाकडं पाहतही नव्हते. त्यांनी तो हात गुडघ्यावर ठेवला होता.

शेवटी तेच बोलले. "लिहा त्याले. लग्न सौंसरले आहे म्हणा. मुलीच्या दारात. बुद्धजयंतीले."

"इवाई," मी म्हटलं, "पांढुर्ण्यात केलं तरी..."

"सौंसरात म्हटलं ना मी. पत्र तुमच्या पत्त्यावर आलं आहे. पण एक लिहा. मद्रासची गाडी पांढुर्ण्याले थांबते. तिथंच उतरायचं. स्टेशनवर मी येईन घ्यायले. अन् जेवणाचं आणायचं नाही, तेही लिहा."

"विचारण्याचं काय लिहू?" मी विचारलं.

तुळशीराम काका म्हणाले, "खरं लिही. विचारतात म्हण. पण ज्या घरी तू येऊन राहिला, तिथं कोणी विचारणार नाही."

वंदनानं पत्र लिहायला घेतलं. चहा मुकुंदनं आणून दिला, हे भाऊरावांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

बुद्धजयंतीच्या आदल्या दिवशी ती चार माणसं आली. बोटीनं रामेश्वर, तिथून मद्रास, तिथून आमच्या बाजूची गाडी. मीही भाऊरावांसोबत पांढुर्णा स्टेशनवर होतो. गुणवर्धन उतरले. माझ्याच वयाचे, माझ्याच उंचीचे, डोक्यावर माझ्याइतकेच केस उरलेले. मागून त्यांची बायको, पांढऱ्या साडीतली म्हातारी आई, आणि कुसुम. बारीक, सावळी, भुईकडं पाहणारी पोरगी. वंदनाला मी घरी थांब म्हटलं होतं. ती ऐकायची थोडीच. तिनं पुढं होऊन कुसुमचा हात धरला आणि बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा दिली. सौंसरपर्यंत त्या दोघी कोणत्या भाषेत बोलल्या मला माहीत नाही, पण थांबल्या नाहीत.

आमच्या वॉर्डात शिरायला एक वळण आहे. तिथून पुढं डांबर नाही. मुख्य रस्ता तिथंच संपतो आणि धूळ सुरू होते. गावातली मोठी माणसं सहसा त्या वळणाच्या अलीकडंच उभी राहून आम्हाला हाक मारत. माझ्या आजोबांनाही तिथूनच हाक मारत, माझ्या बापालाही. सगळा वॉर्ड धुतलेले कपडे घालून वळणावर उभा होता. मी मनात म्हणत होतो, निदान आजच्यापुरती तरी कोणी इथं मुरूम टाकायला पाहिजे होता.

म्हातारी आई त्या वळणावर थांबली. तिनं मुलाला काही विचारलं. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, "इथून पुढं आपली वस्ती?"

मी म्हटलं, हो.

म्हातारी खाली बसली. तिला बसायला त्रास होत होता, म्हणून कुसुमनं आणि वंदनानं दोन बाजूंनी धरलं. तिनं दोन्ही हात जमिनीवर टेकवले, मग कपाळ टेकवलं, आणि उठताना मूठभर धूळ पदराच्या टोकाला बांधून घेतली. मग भाषा कळत नसतानाही ती आम्हा सर्वांकडं पाहून हात जोडून उभी राहिली. ऐंशी वर्षांचे तुळशीराम काका लहान मुलासारखे रडत होते. भाऊराव माझ्या शेजारी होते; त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

लग्न दुसऱ्या दिवशी झालं, आणि चांगलं झालं. पण मला विचाराल तर ते वळणावरच झालं होतं. आमच्या वस्तीची माती कोणी कपाळाला लावलेली मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.